मधमाश्यांचे घर फुटते तेव्हा

फाल्गुनात मोहरीचा बहर ओसरतो आणि जयपूरच्या कडेच्या वस्त्यांत, घरामागील आवारात ठेवलेल्या मधुपेट्यांमध्ये दाटी होऊ लागते. मोहरीच्या उत्पादनात राजस्थान देशात अग्रेसर आहे. हिवाळाभर त्या पिवळ्या शेतांवरून मध आणि पराग येत राहिलेला असतो, आणि राणीनेही अंडी घालण्यात कसूर केलेली नसते. अशा वेळी पेटी उघडली, तर पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेएवढी काही घरे लोंबताना दिसतात. त्यांत नव्या राण्या वाढत असतात. मधुपाल ओळखतो, की हे घर आता फुटणार.

पेटीतली ही माशी बहुधा युरोपीय वंशाची असते. १९६२ च्या सुमारास कांगडा खोऱ्यातील नगरोटा येथे ती आपल्या देशात प्रथम यशस्वीपणे रुजली. महाबळेश्वरच्या मधुपालांची सातेरी ही इथलीच. परंतु घर फोडण्याची रीत दोघींची एकच.

माणसांत घर फुटले म्हणजे बहुधा धाकटी पाती वेगळी निघते. येथे थोरली निघते. भरलेले घर, साठा आणि अद्याप जन्मास न आलेल्या लेकी मागे ठेवून ती जाते. स्वखुशीने जाते असेही नाही. कामकरी माश्या आधीपासून तिचे खाणे कमी करतात, तिला हलवून हलवून चालती ठेवतात. त्यायोगे ती सडपातळ होते आणि उडू शकते. तिला राणी हे नाव ज्यांनी दिले, त्यांनी हा प्रकार पाहिला नसावा.

मग एखाद्या उबदार दिवशी अर्ध्याहून अधिक माश्या पोटभर मध घेऊन राणीसह बाहेर पडतात. आवारावर काळसर ढग घोंगावतो आणि थोड्याच वेळात जवळच्या लिंबाच्या फांदीवर त्यांचा घोस लोंबू लागतो. शेजारी घाबरतात, कोणी पलिते शोधतो. ही भीती निराधार नव्हे. आग्यामोहोळ डिवचले गेले तर माणसाचा जीव जाऊ शकतो, आणि त्यापासून दूरच राहावे. परंतु पेटीतून निघालेल्या घोसाला राखावयास ना पोळे असते, ना पिले. तो सहसा चावत नाही. दोहोंतला भेद मात्र जाणत्यानेच ठरवावा, आणि पलिता पेटविण्यापूर्वी त्याला बोलवावे.

घोस तेथे थांबतो तो घर शोधण्यासाठी. १९४९ साली म्यूनिक येथे मार्टिन लिंडाउअर यांनी अशा घोसावर काही माश्या नाचताना पाहिल्या. त्यांच्या अंगावर पराग नव्हता. काजळी होती, विटांची धूळ होती. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरातील धुराडी आणि भिंतींतली भगदाडे पाहून त्या आल्या होत्या. त्यांच्या नाचाच्या कोनावरून सूर्याच्या संदर्भात दिशा कळते, आणि नाचातील थरथरती सरळ धाव किती वेळ चालते त्यावरून अंतर. जयपूरच्या जंतरमंतरात सूर्याची गती टिपण्यासाठी सवाई जयसिंगाला सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र बांधावे लागले. ही माशी मात्र तासन्‌तास नाचली, तरी सूर्य सरकेल तसा आपला कोन बदलीत जाते.

जागा उत्तम असेल, तर नाच अधिक वेळा होतो. बेताची असेल, तर नाचणारी हळूहळू गप्प बसते. पुढे अमेरिकेत टॉमस सीली यांनी दाखविले, की एखाद्या जागी एकाच वेळी वीस-तीस शोधक माश्या दिसू लागल्या, म्हणजे निर्णय झाला. राणीला कोणी विचारीत नाही. या विचारविनिमयाला कधी काही तास, तर कधी काही दिवस लागतात. तेवढ्यात मधुपालाने रिकामी पेटी खाली धरून फांदी झटकली आणि राणी आत पडली, की बाकीच्या मागोमाग येतात.

जुन्या पेटीत साधारण आठवड्याने पहिली नवी राणी बाहेर येते, आणि बहुधा इतर राणीघरे फोडून बहिणींना संपविते. त्यानंतर तिला नरांच्या भेटीसाठी आकाशात जावे लागते. तारांवर वेडे राघू टपून बसलेले असतात. त्यांतल्या एखाद्याने तिला टिपले, तर मागे नवी राणी घडविता येईल अशी कोवळी अळीसुद्धा उरलेली नसते. म्हणून घर फुटल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी मधुपाल पेटी उघडतो, चौकट उन्हाकडे धरतो आणि षट्कोनी घरांच्या तळाशी उभे पांढरे अंडे दिसते का, ते पाहतो.