मागवल्यावर भाव उतरला तर?
(उत्तन येथे बचत गटांच्या मासिक सभेत केलेले भाषण)



अध्यक्षताईंनी मला सांगितलं, मोबाईलवरच्या खरेदीवर चार शब्द बोल. मी कायद्याची जाणकार नाही. पण ठेच लागली आहे, म्हणून बोलते.

आमच्या गटाने सुक्या बोंबलाची पाकिटं करायची ठरवली. पाकीट बंद करायचं मशीन मी मोबाईलवर मागवलं, 6,800 रुपयांना. पैसे गटाचे, मी कोषाध्यक्ष. तिसऱ्या दिवशी एका ताईने सहज मोबाईल उघडला, तर तेच मशीन 5,300 ला! मशीन अजून घरी यायचं होतं. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण कुजबुज सुरू झाली, "दीड हजार गेले कुठे?" बिल दाखवलं, बँकेचं पासबुक दाखवलं, तेव्हा विषय मिटला. पण दोन सभा मी मान खाली घालून बसले होते. पैशापेक्षा ते जास्त लागलं.

मग मी ग्राहक हेल्पलाईनला फोन लावला. तिथे कळलं ते सांगते. कडू आहे, पण खरं आहे. आपण घेतल्यावर वस्तूचा भाव उतरला, तर फरक परत द्यायलाच हवा असा कायदा नाही.

मला आधी राग आला. मग विचार केला, आपण तरी काय करतो? सकाळी नऊला पाटीवरून पापलेट नेलेलं गिऱ्हाईक बाराला परत आलं आणि म्हणालं, "आता तुम्ही कमी भावात देताय, माझे वरचे पैसे द्या," तर आपण देऊ का? नाही देणार. आणि दुपारी भाव चढला तर सकाळच्या गिऱ्हाइकाकडे जादा पैसे मागायलाही जाणार नाही. ठरला तो भाव ठरला. मोबाईलवरच्या खरेदीलाही हाच हिशेब.

याचा अर्थ आपल्या हातात काहीच नाही, असा नाही. तीन वेळा लक्षात ठेवा.

पहिली वेळ, वस्तू निघण्याआधी. ऑर्डर दिल्यावरही रोज एकदा भाव बघा. उतरला असेल आणि माल निघाला नसेल, तर जुनी ऑर्डर रद्द करून नव्याने मागवता येते. मी हेच केलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. केंद्र सरकारचे ई-कॉमर्स नियम 2020 पासून लागू आहेत. कंपनी स्वतः ऑर्डर रद्द करते तेव्हा तसाच भुर्दंड स्वतः सोसत नसेल, तर आपण रद्द केल्यावर आपल्याकडून दंड घेता येत नाही. फक्त आधी नवा भाव नीट तपासा. विक्रेता तोच आहे का? घरपोच आणण्याचे पैसे वेगळे आहेत का? आणि आधी भरलेले पैसे परत यायला काही दिवस लागतात, तेवढी रक्कम गटाकडे हवी.

दुसरी वेळ, वस्तू घरी आल्यावर. पानावर "परत" लिहिलंय की "बदलून" ते वाचा. "परत" असेल तर मुदतीत, न वापरता, खोक्यासकट परत करता येते. "बदलून" असेल तर वस्तूच्या बदल्यात वस्तू मिळते, पैसे नाहीत. माझ्या मशीनवर "बदलून" होतं, ते मी घेताना वाचलंच नव्हतं. तरीही कंपनीला एकदा लिहून विचारावं. काही कंपन्या राजीखुशीने फरक देतात. मला नाही मिळाला. पण विचारायला पैसे पडत नाहीत.

तिसरी वेळ, हक्क खरोखर आपला असतो ती. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, पैसे भरताना दाखवलेल्या रकमेपेक्षा बिल जास्त आलं, वस्तू खराब किंवा खोटी निघाली, चित्रात एक आणि खोक्यात दुसरंच आलं, तर गप्प बसायचं नाही. अशा वेळी विक्रेत्याला माल परत घ्यायला नकार देता येत नाही. "फक्त दोनच शिल्लक" असं खोटं सांगून घाई करणं, न विचारता टोपलीत जादा वस्तू टाकणं, शेवटच्या पायरीवर नवे आकार लावणं, अशा 13 फसव्या युक्त्यांवर 2023 साली सरकारने बंदी घातली आहे.

कराचंही असंच. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शाम्पू, केसांचं तेल यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला. आठ दिवस आधी माल घरी नेलेल्यांना जुनाच कर लागला, त्याला इलाज नाही. पण त्या तारखेनंतर कुणी जुन्या दराने कर लावला असेल, तर ती तक्रार होते.

तक्रार कुठे करायची? आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा, असा नियम आहे. नाही जमलं तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर, मराठीतही बोलता येतं. त्यापुढे ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जायला नको. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षं.

एक बारीक गोष्ट. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी, स्वतः वापरायला घेतलेली वस्तू असेल तर होतो. म्हणून ठरावात स्पष्ट लिहा, की हे मशीन सभासद स्वतः चालवणार, त्यांच्या उपजीविकेसाठी. पुन्हा विकायला आणलेल्या मालाला मात्र ही सवलत नाही.

आणि सावध राहा. "तुमचा फरक परत देतो, ओटीपी सांगा," असा फोन आला तर लगेच ठेवा. पैसे घ्यायला ओटीपी लागत नाही, पिनही लागत नाही. फसलातच तर वेळ न घालवता 1930 ला फोन करा.

ताईंनो, आमच्या गटाने आता नियम केलाय. गटाची मोबाईल खरेदी एकटीने करायची नाही. दोघींनी बसून, दोन-तीन ठिकाणचा भाव बघून करायची. त्या दिवसाचा भाव, विक्रेत्याचं नाव आणि परतीची अट, यांचा स्क्रीनशॉट गटाच्या ग्रुपवर टाकायचा. इतिवृत्तात तारीख-वेळेसह भाव लिहायचा. माल निघेपर्यंत भावावर नजर ठेवायची.

भाव उद्या उतरेल की चढेल, हे कुणाच्या हातात नाही. पण मागवताना भाव काय होता, हे वहीत लिहिलेलं असलं तर कोषाध्यक्षाला मान खाली घालावी लागत नाही. पुढची कोषाध्यक्ष तुमच्यातलीच कुणी असेल, म्हणून एवढं सांगितलं.

आमचं मशीन छान चालतंय. बोंबलाची पाकिटं सभेनंतर बाहेर ठेवली आहेत, भाव पाटीवर लिहिलाय. संध्याकाळी उतरवला, तर सकाळच्यांनी फरक मागायला येऊ नका!