कोळ्यावर घेतलेला आळ



संयोजकांनी 'आरोग्यावर काहीतरी बोल' असे सांगितले. शुगर आणि बीपीवर आपल्या वयाची माणसे रोजच बोलतात, म्हणून मी कोळ्यावर बोलणार आहे.

दवाखान्यात "डॉक्टर, कोळी चावला" म्हणत येणारे पुष्कळ असतात. चावताना पाहिलात का, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर 'नाही'. सकाळी अंगावर फोड दिसला, रात्री भिंतीवर कोळी होता, एवढ्या पुराव्यावर खटला निकाली! जवळजवळ प्रत्येक कोळ्याला विष असते हे खरे, पण ते किडे मारण्यापुरते. बहुतेकांचे दात आपल्या कातडीत शिरतसुद्धा नाहीत.

मग फोड कशाचा? कमरेला किंवा छातीला एकाच बाजूने पट्टा उठला, आग होते, तर ती नागीण. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी दडून बसलेला असतो, तो म्हातारपणी उठतो. तिची दोन तोंडे जुळली की माणूस जातो, ही निव्वळ भीती. पण गेरू लावण्यात चार दिवस गेले तर नुकसान होते, कारण गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तरच त्यांचा खरा उपयोग. शुगरवाल्याचा पिकलेला फोडही असाच 'कोळी' म्हणून घरी राहतो.

मला सर्वांत भीती वाटते ती काळ्या खपलीची. पावसाळ्यात वैरण कापणाऱ्याला ताप येतो आणि काखेत किंवा जांघेत विडीने डागल्यासारखी खपली दिसते. ती दुखत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. दाखवली तरी घरचे म्हणतात, कोळी असेल. तो स्क्रब टायफस असू शकतो. गवतातल्या अगदी बारीक किड्याच्या पिल्लापासून तो होतो. २०१८ साली विदर्भात त्याची साथ आली, माणसे दगावली. डॉक्सीसायक्लिन नावाची स्वस्त गोळी त्यावर चालते, पण वेळेत. उशीर झाला की फुफ्फुसे आणि किडन्या धरतात.

नातेवाइकांचा एक हट्ट असतो, "सापाची लस तरी द्या." आपल्याकडची ती लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते. कोळ्याच्या विषावर ती काही करत नाही, उलट रिॲक्शन मात्र येऊ शकते. ऑस्ट्रेलियात फनेल-वेब नावाचा कोळी खरोखर जीवघेणा, म्हणून तिथे १९८१ मध्ये त्याची स्वतंत्र लस निघाली. आपल्या देशात कोळ्याची लस बनत नाही.

आसामात सदियाजवळ २०१२ मध्ये केसाळ कोळी चावून दोघे गेल्याची बातमी आली आणि एकच घबराट उडाली. त्या दोघांनाही आधी मांत्रिकाकडे नेले होते आणि तिथे ब्लेडने जखमा कापल्या होत्या. जीव विषाने गेला की ब्लेडने, हे शेवटपर्यंत ठरले नाही. आपल्याकडचे देवर्षी काही वेगळे करत नाहीत.

विंचवाला मात्र यात धरू नका. लाल विंचू चावल्यावर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे सुरू झाले तर थेट दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पेशंटच्या उशाशी बसून हे विष हृदयावर कसे जाते ते टिपले आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर वापरली. गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस जात, तिथे आता क्वचित कोणी जातो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या खेड्यात तपासणीची साधने नव्हती तिथे त्यांनी हे केले, याचे मला फार अप्रूप आहे.

आत्ताच मागून एका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे, घरातला मोठा चपटा कोळी मारावा का? बाई, तो झुरळे खातो. राहू द्या.