मुलांची चित्रे आणि जमिनीतील सुरुंग



चित्रकलेचा तास म्हणजे वेळेचा अपव्यय, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. त्यांनी जरा अफगाणिस्तानकडे पाहावे. १९७९ नंतर सोविएत फौजांनी तेथे आकाशातून फुलपाखराच्या आकाराचे लहान सुरुंग टाकले. तरंगत खाली यावेत म्हणून तो आकार. परंतु मुलांना ते खेळणे वाटले आणि कित्येकांचे हात गेले. ज्या मुलाला अक्षरओळख नाही त्याला हा धोका सांगावा कसा? चित्राने. लाल रंगवलेला दगड म्हणजे थांबा, पांढरा म्हणजे वाट मोकळी, हे तेथे चित्रे दाखवून शिकविले गेले.

पुढे अनेक देशांतील मुलांनी सुरुंगबंदीसाठी स्वतःच कुंचला हाती घेतला. १९९७ साली ओटावा येथे बंदीचा करार झाला. भारत, पाकिस्तान, चीन, रशिया, अमेरिका त्यात आले नाहीत. आणि २०२५ साली पोलंड, फिनलंड व तिन्ही बाल्टिक राष्ट्रांनी त्यातून बाहेर पडण्याचे ठरविले. थोरांचे शहाणपण ते हे!

२००१-०२ मध्ये आपल्या पंजाब-राजस्थान सीमेवरील शेतांतही सुरुंग पेरले गेले होते. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, या विषयावर चित्र काढाल तर रक्त आणि धूर नको. ज्या पायवाटेने तुम्ही शाळेत येता ती काढा, आणि तिच्या कडेला एक लाल दगड.