पाणी पाहून मासा निवडा

घरच्या काचेच्या टाकीत सिक्लिड माशांची अंडी कशी टिकवायची आणि त्यांतून पिल्लं कशी मिळवायची, हा आजचा विषय. सिक्लिड हे नाव नवं वाटेल, पण या कुळातला एक मासा तलवाडा-गेवराई भागात सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तो म्हणजे चिलापी. एंजल, ऑस्कर, डिस्कस ही दुकानातली देखणी मंडळी तिचीच भावकी. कोकण-गोव्याच्या खाड्यांमधली काळुंदरही याच कुळातली. मूळची आफ्रिकेतली चिलापी 1952 मध्ये भारतात आणली गेली आणि आज उजनीपासून गोदावरीपर्यंत ती मासेमारांच्या जाळ्यात रोजची झाली आहे. तिला कुणी हीटर लावला नाही की औषध दिलं नाही. तरी मादी अंडी तोंडात घेऊन फिरते आणि पिल्लं निघतात. घरात मात्र हौसेनं आणलेल्या एंजलच्या जोडीनं पानावर शेकडो अंडी घातली, की दोन दिवसांत ती पांढरी पडतात. मग दुकानदार एक बाटली देतो, पुढच्या खेपेला दुसरी. माझं म्हणणं असं, की आपल्या भागात अंडी वाया जाण्याचं मोठं कारण औषधाची उणीव हे नाही. मासा एका पाण्याचा आणि टाकीत पाणी दुसरंच, हे ते कारण आहे.

बीड जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. बोअरचं पाणी या खडकाच्या भेगांतून झिरपत येतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार सोबत आणतं. ज्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, ज्यात डाळ लवकर शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर ज्याचा पांढरा थर बसतो, ते पाणी जड. एंजल आणि डिस्कस यांचं मूळ घर ॲमेझॉनच्या खोऱ्यात आहे. तिथलं पाणी मृदू, क्षार अगदी कमी आणि किंचित आम्लधर्मी. अशा पाण्यातल्या माशाची अंडी जड पाण्यात पडली की कमी फळतात आणि फळलेल्यांतूनही कमी पिल्लं निघतात. यावर कुणी म्हणेल, की आमचा एंजल याच बोअरच्या पाण्यात तीन वर्षं ठणठणीत आहे, मग पाणी वाईट कसं? पाणी वाईट नाहीच. मोठ्या माशाला कल्ले आहेत, मूत्रपिंडं आहेत; शरीरातले क्षार तो स्वतः सांभाळतो. नुकत्याच घातलेल्या अंड्याजवळ यातलं काहीच नसतं. जसं पाणी मिळेल तसं ते त्याला सोसावं लागतं. म्हणून मासा जगणं ही एक परीक्षा आहे आणि अंडं फुटणं ही त्याहून कठीण परीक्षा.

मग जड पाण्यात कोणते सिक्लिड चांगले? आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे, सामू साधारण पावणेआठ ते साडेआठ. तिथला पिवळाधमक इलेक्ट्रिक यलो आपल्या पाण्यात सहज रुळतो. चिलापीसारखीच याची मादी अंडी तोंडात सांभाळते. साधारण तीन आठवडे ती जवळजवळ काही खात नाही, अंडी सतत तोंडात घोळवते, त्यामुळे त्यांवर बुरशी धरायला फारशी सवड मिळत नाही. या काळात टाकीत हात घालू नये आणि तिला जाळीनं हुसकावू नये, कारण घाबरलेली मादी अंडी गिळते किंवा थुंकते. दुसरा मासा मध्य अमेरिकेतला, अंगावर काळे पट्टे असलेला कॉन्व्हिक्ट. नवशिक्यासाठी याच्याइतका भरवशाचा सिक्लिड दुसरा नाही. नर आकारानं मोठा आणि लांब परांचा, मादी लहान आणि पोटाशी नारिंगी छटेची. टाकीत एक मातीची कुंडी आडवी ठेवली की जोडी तिच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. पाणी 26-27 अंश असेल तर सुमारे तीन दिवसांत अंडी फुटतात आणि घातल्यापासून साधारण आठवडाभरात पिल्लं पोहू लागतात. राखण आईबाप करतात, तुम्ही फक्त लांबून पाहायचं.

यावर आक्षेप येतो, की मासा बदलण्यापेक्षा पाणीच बदलू, आरओचं पाणी वापरू. तेही शक्य आहे, पण हिशेब नीट करा. घरगुती आरओ यंत्र एक बादली शुद्ध पाणी देताना दोन-तीन बादल्या बाहेर सोडतं. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा हट्ट परवडणारा नाही. शिवाय निव्वळ आरओच्या पाण्यात सामू धरून ठेवणारे क्षार उरत नाहीत आणि तो अचानक घसरतो. देशी बदामाची वाळलेली पानं टाकण्याची रीत चांगली आहे. त्यांचा अर्क बुरशीला थोडा आळा घालतो, पण जड पाणी काही त्यानं मृदू होत नाही. एंजलच हवा असेल, तर आपला खरा आधार पावसाळा आहे. पहिले एक-दोन पाऊस वाहून जाऊ द्या, मग स्लॅबवरचं पाणी स्वच्छ कपड्यातून गाळून प्लॅस्टिकच्या पिंपात साठवा. पत्र्यावरचं घेऊ नका, त्यात जस्त उतरतं आणि ते माशांना घातक आहे. हे पाणी बोअरच्या पाण्यात निम्मंनिम्मं मिसळलं की जडपणा बराच उतरतो. जून सरल्यापासून दसऱ्यापर्यंत आपल्याकडचं तापमानही अंड्यांना मानवतं. एंजलची पैदास करायची ती याच दिवसांत.

पाणी जुळलं तरी अंडी पांढरी पडतात, असंही काहींचं म्हणणं असतं, आणि ते खरं आहे. पण तेव्हा आधी जोडी तपासा. एंजलमध्ये दोन माद्याही जोडी जमवतात आणि दोघी मिळून अंडी घालतात. ती कधीच फळत नाहीत. नर-मादी बाहेरून ओळखणं अवघड, म्हणून पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवून त्यांना आपसांत जोडी जमवू द्यावी. पॅरट आणि फ्लॉवरहॉर्न हे माणसानं घडवलेले संकर आहेत आणि त्यांचे नर बऱ्याचदा वांझ असतात. मादी अंडी घालत राहते, मालक वाट पाहत राहतो. यावर कुठल्याही बाटलीत उपाय नाही. जोडी खरी असून पहिल्या-दुसऱ्या खेपेला आईबापांनीच अंडी खाल्ली, तर जोडी बदलू नका. नवी जोडी हळूहळू शिकते. रात्री मंद दिवा ठेवा आणि समोरची वर्दळ कमी करा. मेथिलीन ब्लू या औषधाचा उपयोग एवढाच, की मेलेल्या अंड्यावरची बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यावर पसरत नाही. ते वापरायचं तर अंडी वेगळ्या बरणीत, टाकीच्याच पाण्यात ठेवून पाण्याला फिकट निळी छटा येईल इतकंच टाकावं. मूळ टाकीत ओतलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात.

आपल्याकडच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकते. पिण्यासाठी ती हवीच, पण कल्ल्यांना ती जाळते. म्हणून पाणी हवेच्या पंपावर 24 तास ठेवून मगच टाकीत घाला. दुसरं, उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. नुसती भर घालत राहिलात तर टाकी महिनोन्‌महिने जड होत जाते. म्हणून आठवड्याला पाव टाकी पाणी काढा आणि तेवढंच नवं घाला. काढलेलं पाणी झाडांना खतासारखं लागू पडतं. तिसरं म्हणजे भारनियमन. वीज गेली की हवेचा पंप थांबतो आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो, तेव्हा बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवा. पिल्लांच्या टाकीत स्पंज फिल्टर लावा, मोठा फिल्टर त्यांना ओढून घेतो. ती पोहू लागली की आर्टेमियाच्या अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिल्लांचं खाद्य द्या. उकडलेल्या अंड्याचा बलक स्वस्त असतो, पण पाणी लवकर नासवतो.

शेवटी एक कळकळीची विनंती. कॉन्व्हिक्टची जोडी वर्षातून अनेकदा पिल्लं देते आणि घरात ती मावेनाशी होतात. ती कालव्यात, विहिरीत किंवा नदीत सोडू नका. परका सिक्लिड एकदा मोकळ्या पाण्यात रुजला की परत काढता येत नाही, हे चिलापीनं आपल्याला दाखवून दिलं आहे. पिल्लं दुकानदाराला द्या, मित्रांना द्या, किंवा नर-मादी वेगळे ठेवा. हा जोडधंदा करण्याचा विचार असेल, तर मराठवाड्यातच उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे सल्ला घ्या. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या पैदाशीचाही समावेश आहे. आणि नवी जोडी विकत घेण्याआधी आपल्या बोअरचं पाणी तपासून घ्या, मासा त्यानंतर निवडा.