चिठ्ठी आणि सातबारा
(नांदेडच्या बैठकीतलं भाषण)



सिनेमावर बोल म्हणालात म्हणून उभा राहिलो. मी गोदीतला कामगार, शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो, पण आज कविता ऐकवणार नाही.

'व्हेन वर्ल्ड्स कोलाइड' हा १९५१ चा अमेरिकन सिनेमा, जॉर्ज पालनं काढलेला. एक परका तारा पृथ्वीवर आदळायला निघालाय. जग संपणार. त्या ताऱ्याभोवतीचा एक ग्रह तेवढा वाचणार, तिथं जायला शास्त्रज्ञ यान बांधतात. समुद्र न्यूयॉर्कात घुसतो वगैरे. असल्या देखाव्यांसाठी त्याला ऑस्कर मिळालं. ते सोडा. मी बघत होतो यानात चढतंय कोण.

जागा चाळीसेक, बांधणारे हात कितीतरी जास्त. मग चिठ्ठ्या टाकतात. पण पैसा पुरवणारा स्टँटन शेठ, त्याला चिठ्ठी नाही. त्याची जागा सौद्यातच पक्की. त्याचा नोकर पिस्तूल दाखवून जागा मागतो, तर शेठ त्याला गोळी घालतो. शेवटी ज्यांची चिठ्ठी निघाली नाही ते हत्यारं घेऊन यानाकडं धावतात, आणि सिनेमा आपल्याला त्यांचीच भीती घालतो. च्यायला, यान बांधलं कुणी? गोदीत आम्ही जहाज भरतो आणि भरलं की शिडी उतरून खाली येतो. मला त्या धावणाऱ्यांची बाजू कुणी समजावून सांगावी लागली नाही. शेठही शेवटी खालीच राहतो, हे खरं. पण नव्या ग्रहावर उतरतात ती सगळी गोरी माणसं. काळा एकही नाही.

हे झालं अमेरिकेचं. आपल्याकडं या. २०२४ च्या मार्चात हिंगोलीकडं जमीन हलली, धक्के इथं नांदेडातही जाणवले. मराठवाड्यात जमीन हलली की तोंडात एकच नाव येतं : किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बुडवून गावं झोपलेली. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसं मेली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. मारलं कशानं? दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्यानं. गळू नये म्हणून वर माती टाकत जायची, वर्षानुवर्षं ओझं वाढत जायचं. कुडाची, गवताची झोपडी अंगावर आली तरी माणूस उठून बसू शकतो. भूकंपाला जात कळत नाही, वजन कळतं. दगडी खणात झोपलेली आपलीही माणसं मेली, ते विसरायचं नाही.

मग जागतिक बँकेचा पैसा आला. बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवायची ठरली. म्हणजे नवा ग्रहच की! कोरं रान, कोरं गाव. हवं तसं मांडा. आणि मांडलं कसं? भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फुटांचं घर. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरच्या वर ७५०.

घरं पडली, वाडे पडले, वेस पडली. सातबारा तेवढा उभा राहिला.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला औतं, कडबा, धान्य ठेवायला जागा लागते. लागते ना, कबूल. मग गोठा द्या, कोठार द्या. माणसानं पाय पसरायची जागा हेक्टरावर कामून मोजता? सालगड्याच्या घरात काय माणसं कमी असतात? त्याची म्हातारी काय उभ्यानं झोपते? सिनेमातल्या अमेरिकनांनी निदान चिठ्ठ्या तरी टाकल्या. चिठ्ठीत सालगड्याच्या पोरीचं नाव निघू शकलं असतं. सातबाऱ्यावर ते निघणारच नव्हतं, कारण तिथं ते कुणी कधी लिहिलंच नव्हतं.

लातूरच्या मित्रांना एक काम सांगतो. हा सिनेमा त्या नव्या गावांत दाखवा. चिठ्ठ्या टाकतात तिथं थांबवा, दिवा लावा आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा, तुम्हाला किती फूट मिळाले? घरात तेव्हा किती जणं होती? उत्तरं लिहून आणा. पुढच्या अंकात छापू.