कॅमेऱ्याचं दावं: ट्रॅकवर जायच्या आधी एवढं ऐका

आजचा भाग छोटा आहे आणि माझ्यासाठी जरा लाजिरवाणा. बाईकवर अॅक्शन कॅमेरा लावून ट्रॅकवर जाताना तो बांधायचा कसा, यावर बोलूया. चिकटवायचा कसा हे सगळे सांगतात. सुटल्यावर काय, हे फारसं कुणी बोलत नाही.

झालं असं. आम्ही पुण्याचे पाच-सहा जण कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे साठी गेलो होतो. पुण्याहून साधारण बाराशे किलोमीटर, बाईक टेम्पोत आणि आम्ही ट्रेननं. एवढ्या लांब जायचं म्हणजे व्हिडिओ पाहिजेच, नाही का? मी सकाळी पिटमध्ये बसून टेलच्या काळ्या प्लास्टिकवर चिकटपट्टीचा माउंट दाबला. शेजारीच टेदरसाठी दुसरी छोटी चिकटपट्टी लावली आणि दोरी अडकवली. स्वतःवरच खूश! डबल सेफ्टी केली ना.

दुसऱ्या सेशनमध्ये दोन्ही एकदम निघाल्या.

माझ्या मागे आमच्याच ग्रुपमधला एक दादा होता. त्यानं बाईक बाहेरच्या मातीत घातली, पडता पडता वाचला. लाल झेंडा, सेशन बंद, कॅमेरा उचलायला मार्शल ट्रॅकवर. दादा पिटमध्ये आला, हेल्मेट काढलं आणि शांतपणे म्हणाला, "अरे, व्हायझरच्या बाजूनं गेला तो. बांधला होतास की नुसता ठेवला होतास?" ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आता थोडं गणित, सवय आहे. कॅमेरा साधारण दीडशे ग्रामचा. सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रामचा. म्हणजे वजन जवळपास तेच, फक्त कडा टोकदार. कॅमेरा सुटतो तेव्हा तो बाईकच्याच वेगात असतो, पण रस्त्यावर आपटून पटकन मंदावतो. मागचा मात्र १५०च्या स्पीडनं येतोय. त्यातून तो वळणात झुकलेला असेल आणि पुढचं चाक त्यावर गेलं, तर पुढचं मी सांगायची गरज नाही.

लोकांना वाटतं वाऱ्यानं उडतो. मी हिशोब केला. ताशी १५०ला कॅमेऱ्यावर वाऱ्याचा जोर येतो जेमतेम चारशे ग्राम वजनाएवढा. चांगली चिकटपट्टी तेवढं सहज सांभाळते. खरे शत्रू म्हणजे इंजिनची थरथर, ऊन आणि आपली घाई. ही फोमची पट्टी गुळगुळीत, रंगवलेल्या भागावरच नीट धरते. दाणेदार काळ्या प्लास्टिकवर तिला धरायला पुरेशी जागाच मिळत नाही. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, दाबून धरायचं आणि किमान एक दिवस द्यायचा. पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. मी दिले होते चाळीस मिनिटं!

पण माझी मोठी चूक ती नव्हतीच. माउंट आणि टेदर दोन्ही एकाच पॅनलवर, एकाच प्रकारच्या पट्टीनं, एकाच सकाळी लावलेले होते. ज्या कारणानं एक निघाला त्याच कारणानं दुसराही निघणार. आमच्या धंद्यात याला बॅकअप त्याच हार्डडिस्कवर ठेवणं म्हणतात. नवीन आलेल्या पोरांना मी यावरून झापलंय.

आमच्या आजोळी गाय बांधायची तर खुंटा आधी हलवून बघायचे. मग दावं किती लांब सोडायचं ते ठरायचं, शेजारच्या पिकात तिचं तोंड पोचणार नाही एवढंच. कॅमेऱ्याचंही तेच.

खुंटा म्हणजे बोल्टनं बसवलेलं काहीतरी: सबफ्रेम, ग्रॅब रेल, मागच्या फूटपेगचा ब्रॅकेट. ब्रेकच्या होजला, केबलला, हँडलला किंवा क्लिप-ऑनला दोरी बांधायची नाही म्हणजे नाही. दुसरं टोक कॅमेऱ्याच्या भोवती जो पिंजरा बसतो त्यातून ओवा. खालच्या घडीच्या दोन बोटांना अडकवू नका. तीच तुटली तर दोरी आणि बोटं राहतील, कॅमेरा जाईल. पॅराकॉर्ड चालते. झिपटाय एकटा नको, उन्हात कडक होऊन तडकतो.

लांबी हा भाग लोक सगळ्यात जास्त चुकवतात. लांब दोरीला कॅमेरा सुटला की तो आधी वेग घेतो, मग झटका देतो, मग फेअरिंगवर हातोड्यासारखा आपटत राहतो. नाहीतर सरळ चाकात किंवा चेनमध्ये. ढील चार बोटांपेक्षा जास्त नको. तपासायची पद्धत सोपी आहे. बाईक पॅडॉक स्टँडवर, कॅमेरा माउंटवरून मुद्दाम काढा आणि दोरीवर लटकू द्या. मागचं चाक हातानं फिरवा. कॅमेरा पुढे असेल तर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. मग स्टँडवरून उतरवून मित्राला सीटवर बसवा, सस्पेन्शन दाबलं गेल्यावर अंतर बदलतं. कुठेही लागत नसेल तर एक सणसणीत हिसडा द्या. हे पिटमध्ये पाच मिनिटांचं काम आहे.

स्क्रूबद्दल एकच. बोटांनी नाही, पान्यानं आवळा आणि दर सेशननंतर पुन्हा बघा. थ्रेडलॉकर प्लास्टिकच्या माउंटवर टाकू नका, त्यानं प्लास्टिकला तडे जाऊ शकतात. क्लिपच्या खाचेत जो छोटा रबरी तुकडा येतो ना, जो आपण डब्यातच विसरतो, तो लावा. थरथर कमी होते आणि क्लिप दबून सुटत नाही.

आणि हेल्मेटवर? बरेच आयोजक परवानगीच देत नाहीत, माझ्या मते बरोबरच आहे. पडल्यावर हेल्मेट घसरायला हवं, कशात अडकायला नको. बाईकवर लावायचा असला तरी बुकिंग करतानाच विचारून घ्या. नाही म्हणाले तर नाही.

कार्ड वाचलं होतं, बरं का. शेवटच्या चार सेकंदांत आकाश, डांबर, आकाश, डांबर आणि मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून जाणारं एक चाक. तो व्हिडिओ मी कुठेही टाकलेला नाही. दादाला दाखवला. त्यानं एकदा पाहिला, फोन परत दिला आणि म्हणाला, "चल, आता सबफ्रेमला बांध. पुढच्या सेशनला मी तुझ्या पुढे."