शेवटच्या पंगतीतील गर्भवती



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी 'गर्भवतीचा आहार आणि अपत्याचा मेंदू' हा विषय मजवर सोपविला, तेव्हा मी त्यावर काय बोलणार हे मला ओळखणाऱ्या मंडळींनी पत्रिका हाती पडताच ताडले असेल. कारण विषय कोणताही असो, माझे व्याख्यान अखेर घरातील पंगतीच्या क्रमावर येऊन थांबते, असा माझा लौकिक आहे. आज निदान अर्धा वेळ तरी शास्त्र सांगावे, अशी ताकीद मला घरूनच मिळालेली आहे. (हशा)

अभिमन्यूची कथा मी सांगत नाही. ती आपणांस पाठ आहे. चक्रव्यूहाचे वर्णन ऐकता ऐकता सुभद्रेस झोप लागली म्हणून आजवर तिला पुष्कळ बोल लावण्यात आला. पण त्या दिवशी ती पोटभर जेवली होती किंवा नाही, याची चौकशी कोणा कीर्तनकाराने केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. गर्भास गाणे ऐकवून संस्कार करू पाहणाऱ्यांशी माझे वैर नाही. गाणे अवश्य ऐकवावे. मात्र जो मेंदू ते ऐकणार, तो घडविणाऱ्या द्रव्यांची सरबराई आधी व्हावी, एवढेच माझे म्हणणे.

गर्भाची वाढ कशी होते हे आपण शाळेत शिकला आहात, तेव्हा ते सोडून देतो. एकच गोष्ट ध्यानी धरावी. ज्या नलिकेपासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडावयाचे, ती गर्भधारणेनंतर २८ व्या दिवसाच्या सुमारास मिटून पुरी झालेली असते, आणि तोवर कित्येक स्त्रियांना आपल्याला दिवस गेल्याची वार्ताही नसते. ती नीट मिटावी यासाठी फॉलिक अ‍ॅसिड लागते. ज्या मातांच्या आधीच्या अपत्यात हा दोष आढळला होता, त्यांना गर्भधारणेच्या आधीपासून ते दिले असता दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली, असा निर्वाळा १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने दिला. आणि आपण कौतुकाला आरंभ करतो तो सातव्या महिन्यात! हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, सारे यथासांग होते. पण पाया भरून भिंती उभ्या राहिल्यावर मग चुन्याची पहिली गोणी यावी, तसा तो प्रकार.

आता दोन मिनिटे हॉलंडला जाऊन येऊ. १९४४ च्या सप्टेंबरात दोस्त सैन्याला साहाय्य व्हावे म्हणून डच रेल्वे कामगारांनी संप पुकारला, त्याचा सूड म्हणून जर्मन अंमलदारांनी पश्चिम हॉलंडच्या शहरांकडे जाणारी अन्नाची वाहतूक बंद केली. पुढे बंदी काहीशी सैल झाली तो कालवे गोठले. अ‍ॅमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग, लायडन येथील माणसे बीट आणि ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागली. रोजचा शिधा हजार उष्मांकांखाली गेला आणि कडाक्याच्या दिवसांत चारशे ते आठशेंवर येऊन ठेपला. १९४५ च्या मे महिन्यात मुक्तता झाली आणि अन्न आले. ही कथा दारुण खरीच, परंतु मला तीत विस्मय वाटतो तो डच लोकांच्या दप्तराचा. भोवती माणसे भुकेने मरत असताना शिध्याचे आकडे आठवड्याच्या आठवड्याला नोंदले जात होते, आणि प्रसूतिगृहांतून बाळांची वजने बिनचूक टिपली जात होती. आपल्याकडे सुकाळातही जन्माचा दाखला काढावयाचा म्हणजे काय दिव्य असते ते मी सांगावयास नको. (हशा) अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत, तरी हे पुरे केल्याखेरीज मला पुढे जाता येत नाही.

झेना स्टाइन आणि मर्व्हिन ससर या दांपत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दप्तर उघडले. त्या काळात जन्मलेली मुले वयाच्या एकोणिसाव्या वर्षी सक्तीच्या लष्करभरतीसाठी तपासली गेली होती. तेथील सव्वा लाखाच्या आसपास तरुणांच्या बुद्धिचाचण्या त्यांनी पडताळल्या, आणि १९७२ साली जाहीर केले की गर्भावस्थेतील उपासमारीचा बुद्धीवर काही परिणाम दिसत नाही. माझ्या पक्षाला हा निकाल गैरसोयीचा आहे, म्हणूनच तो मी मुद्दाम सांगितला. पण हे प्रकरण तेथे मिटले नाही. उपासमारीच्या भरात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. आणि १९९९ साली त्याच भरतीच्या कागदांवरून असे निघाले की, ज्यांच्या मातांना गरोदरपणाच्या पहिल्या दोन तृतीयांशांत तीव्र उपासमार सोसावी लागली, त्या पुरुषांत समाजविघातक वर्तनाचा मनोविकार सुमारे अडीच पटीने अधिक होता. म्हणजे बुद्धीच्या मापात न सापडलेला ओरखडा वर्तनात सापडला. याचा अर्थ उपाशी मातेचा मुलगा गुंड निपजतो असा कृपा करून कोणी घरी नेऊ नये. बहुसंख्य मुलांना काहीही झाले नाही.

मग बुद्धी बचावली कशी? माझे मत असे की, डच स्त्री त्या हिवाळ्यापूर्वी वर्षानुवर्षे दूध, लोणी, चीज खाऊन होती. तिच्या शरीरात शिल्लक होती. बी-१२ हे जीवनसत्त्व तर यकृतात काही वर्षे पुरेल इतके साठते. हॉलंडची उपासमार काही महिन्यांची होती आणि ती शत्रूच्या हुकुमाने आली होती. आमच्याकडील उपासमार पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि ती पंगतीच्या क्रमाने येते. आलोच पाहा पंगतीवर! (हशा)

तालुक्याच्या गावी वैद्यकी करीत असता मी पाहिलेले एक घर सांगतो. पहाटे सून दोन म्हशींची धार काढी. घागरीभर दूध डेअरीवर जाई, तेथे फॅट लागून पावती मिळे, आणि ती पावती सासऱ्यांच्या बंडीच्या खिशात जाई. घरी ठेवलेल्या दुधातून आधी नातवाचा पेला, मग मामंजींचा, मग धन्याचा चहा. ताक घुसळून पहिल्या पंगतीस दाट वाढले जाई, दुसरीस त्यात तांब्याभर पाणी पडे, आणि सून जेवावयास बसे तेव्हा वाडग्यात पांढुरके पाणी तेवढे उरे. तिला पाचवा महिना होता. मी विचारले, "बाई, दूध घेता का?" ती म्हणाली, "घेते की, चहात." त्या घरात कोणी दुष्ट नव्हते, हे मी शपथेवर सांगेन, सासूबाईही त्याच वाडग्यातून जन्मभर जेवल्या होत्या.

मागून कोणी म्हणाले, 'आता असे राहिले नाही'. आपल्या घरी नसेल, आनंद आहे. पण आज रात्री आपल्या घरी शेवटचे पान कोणाचे असेल, तेवढे पाहावे.

वेळ संपत आला म्हणून पुण्याचे काम घाईने सांगतो, आणि खरे तर तेच सविस्तर सांगावयाचे होते. १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या केईएम रुग्णालयातील सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवतींचा माग ठेवला. बाळांचे सरासरी वजन पावणेतीन किलोच्याही किंचित खालीच भरले; ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर घेत, त्यांची बाळे अधिक भरदार निघाली. सुमारे दोन तृतीयांश मातांत बी-१२ कमी होते. आणि अशा मातांची मुले नवव्या वर्षी तपासली, तेव्हा एकाग्रता आणि अल्पकालीन स्मरण यांच्या चाचण्यांत ती मागे पडली. सामान्य बुद्धीत मात्र फरक दिसला नाही. हॉलंडच्या निकालाशी याचे नाते काय, हे मी सांगितले असते, पण अध्यक्षांनी दुसऱ्यांदा घंटा वाजविली आहे. आयोडीनयुक्त मिठाचे टिपण तसेच खिशात ठेवतो.

एका गृहस्थांची चिठ्ठी आली आहे की, वक्ते शाकाहारावर हल्ला करीत आहेत. मुळीच नाही, मी स्वतः शाकाहारी आहे. बी-१२ मांस, मासे, अंडी यांत असते तसे दूध-दह्यातही असते. धान्यात, डाळीत, भाजीत नसते. म्हणून शाकाहारी घरात तर दुधाची वाटणी अधिकच काटेकोर हवी, आणि तेवढ्याने भागत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. तिने कोणाचा धर्म बुडत नाही. दुसरी चिठ्ठी एका आजींची आहे: नातीला दिवस गेल्यावर दूध किती वाढवावे? आजी, नात किती वर्षांची आहे ते आपण लिहिलेले नाही. चौदा-पंधराची असेल तर तिचा पेला उद्या सकाळपासूनच सुरू करावा, आणि तो नातवाच्या पेल्याआधी भरावा.